नासपतीचा उरलेला तुकडा

होरस क्लूलो दमला होता. हे एका दिवसाचं दमणं नव्हे. झोपून उठलं तरी खांद्यात ठाण मांडून बसलेलं. उमर सारी कपबश्यांच्या भट्टीवर गेली, आणि उतारवयात बायकोला, बेरिलला, घेऊन तो कॉल्डन कालव्यावर बोळाएवढ्या अरुंद नावेत राहायला आला. तिथंच लाकडाची पेनं घडवायची, काठावरच विकायची. ऐकायला सुख वाटतं. पण स्वतःचा धक्का नसलेल्यानं पंधरवड्याहून जास्त एका जागी नाव बांधायची नाही, असा तिथला कायदा. जरा बूड टेकलं की उठा.

त्यात एडना सॉल्टबाईंचं काम. त्यांच्या नवऱ्यानं लावलेलं नासपतीचं झाड वादळात पडलं, लोकांनी सरपणाला नेलं. बाईंनी दोन तुकडे तेवढे वाचवले. “एकाचं तरी पेन कर रे बाबा,” म्हणाल्या, “हातात धरायला काहीतरी राहू दे.”

पेनात नळी बसवायची तर लाकडाला आरपार सरळ भोक हवं, आणि होरस ते नावेत ठोकलेल्या शिकंज्यात धरून हातगिरमिटानं पाडायचा. पहिला तुकडा धरला अन् सुट्टीवाल्यांची भाड्याची नाव शेजारून सुसाट गेली. बांधलेल्या नावांजवळून गोगलगायीसारखं जावं, हे कालव्यावरचं शेंबडं पोरही जाणतं. पण त्यांना कोण सांगणार? नाव डुलली आणि गिरमिट लाकडाची कूस फाडून बाहेर आलं. राहिला एक तुकडा. त्याला हात लावायची होरसची छातीच होईना.

पंधरवडा सरला, पुन्हा निघाले. दिवसभर चढणीची लॉकं. लॉक म्हणजे दोन दारांमधली पाण्याची कोठी. झडपा उघडून पाणी भरायचं, नाव वर उचलून घ्यायची. त्या दिवसाच्या शेवटच्या लॉकावर होरसच्या हातांत त्राण उरलं नव्हतं. वर पोचल्या पोचल्या नाव बांधली आणि तो आडवा झाला.

सकाळी जाग आली ती भिंतीवर. जमीन एकीकडे, बिछाना दुसरीकडे. बेरिल चुलीला धरून उभी होती, ओटकेकची, म्हणजे ओटच्या धिरड्यांची, चवड भिंतीला जाऊन चिकटलेली.

“पाणी गेलंय,” ती म्हणाली. “आपण चिखलात बसलोय. सगळी रांगच बसलीय.”

एवढ्यात खिडकीत पर्सी टनिक्लिफचं काळंकुट्ट तोंड आलं. तो नावेतून कोळसा विकायचा. त्यानं झडप उघडायचं हँडल आत धरलं. “लॉकाच्या वरच्या झडपेवर लटकत होतं. झडप उघडी, खालचं दार मुलखाचं गळकं, रात्रभर पाणी खाली वाहून गेलं. मुठीला निळा रंग कुणाच्या घरचा, ते सांगू का?”

“माझंच आहे,” होरस म्हणाला. “बंद केलीस?”

“केली. आता पुढच्या, वरच्या लॉकातून पाणी सोडतो, म्हणजे माणसांत येऊ.”

होरस उठला आणि जागीच थबकला. नाव हलत नव्हती. पाय आपटला, तरी नाही. इतकी वर्षं पाण्यावर काढली. पायाखाली असं गप्प काही आलंच नव्हतं.

“पर्सी, जरा थांब. मला एक भोक पाडू दे.”

“तुझ्या भोकापायी आम्ही तिरपे राहू? माझी बायको शिव्या घालतेय, ऐकू येतंय का?”

“सॉल्टबाईंचं नासपतीचं लाकूड आहे. शेवटचं.”

पर्सीनं हँडल कमरेला खोचलं. “लोकांना काय सांगू?”

“सांग, होरस गाढव आहे.”

“ते ठाऊक आहे त्यांना,” म्हणत पर्सी निघाला, आणि नावेगणिक टपावर थाप मारत ओरडत गेला, “किटली हातात धरा, जरा दम काढा.”

होरसनं तुकडा शिकंज्यात आवळला, कपाटाला पाठ रेटली आणि गिरमिट फिरवू लागला. खांदा ठणकत होता. भुसा सुटा पडत होता. शेवटी टोक पलीकडे, अगदी मधोमध निघालं. होरसनं तुकडा डोळ्याला लावून पाहिलं, खिडकीतला उजेड गोल दिसला. मग तो बिछान्याच्या उतारावर टेकला.

“झालं का रे? सोडू का पाणी?” पर्सीची हाक आली.

उत्तर द्यायला होरस जागा नव्हता. तुकडा मुठीतच होता.

“सोड,” बेरिल दारातून म्हणाली. “पण हळू सोड. म्हातारा आत्ताच झोपलाय.”