एडगर स्टेन्थॉर्पचा पांढरा रंग

एडगर स्टेन्थॉर्प आमच्या स्कार्थविकमध्ये आधी टपाल वाटायचा. चाळिशीला त्याने नोकरी सोडली आणि जलरंगांवर पोट भरू लागला. बायको हिल्डा म्हणाली, "निदान पायांना तरी विसावा." पण तसं काही झालं नाही. चित्रांपायी त्याने यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरचा एकही कडा चढायचा शिल्लक ठेवला नाही. मी चौकटी बनवतो, त्यामुळे त्याची जवळजवळ सगळी चित्रं माझ्या हाताखालून गेली.

त्याचं नाव झालं ते 'धक्क्यावरची लाट' या चित्राने. यॉर्कच्या एका प्रदर्शनात त्याला पदक मिळालं आणि गावाने ते चित्र कौतुकाने वाचनालयात लावलं. मग दर बुधवारी चॅपलच्या हॉलमध्ये तो आम्हा दहा-बारा जणांना शिकवू लागला. त्याचा एकच हेका: पांढरा रंग वापरायचा नाही. पांढरं म्हणजे कागद. उजेड हवा तिथे तो कोरा सोडायचा. "चुकलात तर कागद फाडा, पण थापाथापी नको!"

मेव्हिस गारबटचं तळलेल्या मासळीचं दुकान. नवरा गेला त्या वर्षी ती वर्गाला येऊ लागली. एका बुधवारी तिने दोरीवर वाळणारे शर्ट रंगवले आणि त्यांवर पोस्टर रंगातला दाट पांढरा लावला. एडगरने कागद उचलून सगळ्यांना दाखवला.

"मेव्हिसबाई, पिठात घोळवायची ती मासळी. चित्र नव्हे!"

सगळे हसले. मीही. मेव्हिसने ब्रश धुतले, पाणी ओतलं, कोट चढवला. ती पुन्हा आली नाही.

दोन वर्षांनी वाचनालयाचं छत गळलं आणि लाटेचं चित्र माझ्याकडे आलं. काच काढून मी ते खिडकीशी तिरपं धरलं. फेसावर पाच-सहा जाडसर, खडूसारखे ठिपके होते. एडगर शेजारीच उभा होता. त्याचे कान लाल झाले.

"तपकिरी थेंब पडला होता," तो म्हणाला. "चित्र पाठवायचा शेवटचा दिवस. पोरीच्या शाळेच्या रंगपेटीतला पांढरा घेतला."

"आणि इतकी वर्षं आम्हाला..."

"माहीत आहे रे. बोलू नकोस."

त्याने यॉर्कच्या प्रदर्शनवाल्यांना पत्र लिहून सगळं कबूल केलं. उलट टपाली उत्तर आलं: पांढऱ्याला मनाई कधीच नव्हती, पदक आपल्याकडेच ठेवावे. ते वाचून तो अधिकच खचला. "म्हणजे नियम माझाच. मीच केला, मीच मोडला, आणि शिक्षा त्या बाईला."

शुक्रवारी तो मेव्हिसच्या दुकानात गेला आणि नुसती मासळी घेऊन परतला. पुढच्या शुक्रवारीही तेच. हिल्डा म्हणाली, "माफी मागायला जातोस की जेवण आणायला?" तिसऱ्या खेपेला रांगेत मी त्याच्या मागे होतो. टोपी काढून त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

मेव्हिस तळलेल्या बटाट्यांवर व्हिनेगर शिंपडत होती. तिचा हात थांबला नाही. "बरं. मग काय करू, राजा? टाळ्या वाजवू?"

"ते शर्टांचं चित्र आहे का अजून? मला नीट बघायचं होतं."

"घरी गेले आणि शेगडीत घातलं." मग ती हळू आवाजात म्हणाली, "क्लिफर्डचे शर्ट होते. तो गेल्यावर शेवटचे धुतले. इतके शुभ्र निघाले होते! तेवढंच दाखवायचं होतं मला."

मी फरशीकडे बघत राहिलो. एडगर पैसे ठेवून निघाला, मासळी तिथेच राहिली. मेव्हिसने पुडकं माझ्या हातात दिलं. "दे त्याला. गार होईल."

तो धक्क्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. पुडकं घेतलं, पण उघडलं नाही.

पुढे नऊ वर्षं त्याने वर्ग चालवला. कुणाचं चित्र उचलून दाखवलं नाही. दर सप्टेंबरात, वर्ग सुरू व्हायच्या आधी, तो मेव्हिसला वर्गाला याल का, असं विचारून यायचा. ती कधी रागावली नाही.

"बुधवारी दुकानात बटाट्यांची पोती येतात, राजा," एवढंच म्हणायची.