पाड्यापर्यंत जाणारी गाडी

मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्याच महिन्यात बायको म्हणाली, "माले एकदा पाड्यावर जावानं शे."

पाडा म्हणजे तिची पहिली शाळा जिथे होती ती वस्ती. मोलगीच्या पुढे, नर्मदेच्या अंगाला, डोंगरात. आमचं लग्न झालं तेव्हा मी नंदुरबारला सरकारी कचेरीत कारकून होतो आणि रनाळ्याहून रोज एसटीने जाऊन-येऊन असायचो. तिला शिक्षिकेची नोकरी लागली आणि नेमणूक झाली ती त्या पाड्यावर. जिल्हा तेव्हा धुळ्याचाच होता. मोलगीपर्यंत जीप, तिथून पुढे चार तास पायी. सहा वर्षं ती तिथे होती. सुट्टीत घरी यायची, सुट्टी संपली की मी तिला स्टँडवर सोडून यायचो. मी स्वतः त्या पाड्यावर एकदाही गेलो नाही. लोकांनी विचारलं तर शेती, आई-वडील, कचेरी अशी कारणं सांगायचो. खरं म्हणजे तिने कधी बोलावलं नाही आणि मला चालायचा कंटाळा होता.

आता तिचे गुडघे गेले होते. ओट्यावरून अंगणात उतरायचं तरी भिंतीचा आधार लागायचा. पाड्यापर्यंत आता गाडी जाते असं तिने कुठूनतरी ऐकलं होतं. मी चौकशी केली. जेसीबीने डोंगर खरवडून वाट काढली होती, पण ती दर पावसाळ्यात वाहून जायची. तिथे जीपवाले जातात, पण एका जीपमध्ये वीस माणसं बसतात. तिचे गुडघे तेवढे दुमडणारे नव्हते.

मग मी मोबाईलवर लोकांच्या गाड्या बघायला लागलो. परदेशातली माणसं पिकअप घेऊन वाळवंटात जातात, टपावर तंबू ठोकतात, मागच्या फळीवर शेगडी मांडून चहा करतात. मला ते इतकं आवडलं की जेवताना सुद्धा मोबाईल समोर असायचा. बायको एकदा डोकावून म्हणाली, "त्या वाळवंटमा जाई ऱ्हायनात. आपले मोलगीले जावानं शे."

धानोऱ्याला एक मेकॅनिक आहे. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. पूर्वी डोंगरात जीप चालवायचा, पुढे पाठीने साथ सोडली म्हणून गॅरेज टाकलं. मी त्याच्याकडे गेलो आणि कुठली गाडी चांगली, असं विचारलं. तो टायरमधून खिळा काढत होता. मान वर न करता म्हणाला, "पहिले कोठे जावानं शे ते सांगा. गाडीनं नाव मंग सांगा."

"मोलगीना पुढे."

तेव्हा त्याने पक्कड खाली ठेवली.

मला शहाद्यात एक पांढरी पिकअप आवडली होती. मोठी, चकचकीत, आत बसलं की खुर्चीत बसल्यासारखं वाटायचं. मी त्याला ती दाखवायला नेलं. तो पाठीवर झोपून गाडीखाली गेला, बाहेर आला, हात झटकले. "लांबी भलती शे. घाटमा एकेक वळणवर तीन-तीनदा मागे घेनी पडी. आनि पुढली दोन चाकं नुसती फिरतस, खेचतस नही."

दुसरी गाडी त्यानेच शोधली. तलावाच्या कामावरच्या एका ठेकेदाराची होती. रंग उडालेला, मागच्या हौद्याला ठोकर, दारं लावताना दोनदा आपटावी लागायची. पण चारही चाकं खेचणारी, आत पाच माणसं बसतील अशी आणि मागे उघडा हौदा. त्याने ती गॅरेजमागच्या दगडांच्या ढिगावर चढवली. दोन चाकं वर, दोन खाली, अशा अवस्थेत गाडी थांबवून तो खाली उतरला आणि चारही दारं उघडून बंद करून पाहिली. मी विचारलं, हे कशासाठी? तो म्हणाला, सांगाडा वाकलेला असला तर अशा वेळी दार अडकतं. एकही दार अडकलं नाही. गाडी आम्ही घेतली.

पुढचे तीन महिने मी धानोऱ्यालाच असायचो. जुने टायर काढून जाड नक्षीचे टायर घातले. खाली इंजिनच्या तेलाचं चेंबर उघडं असतं, दगड लागला की फुटतं आणि गाडी तिथेच बसते. त्याच्याखाली त्याने जाड पत्रा ठोकला. पुढे-मागे ओढायला भक्कम हुक बसवले. गाडी सगळीकडून दोन इंच उचलली. या सगळ्या त्याच्या मनाच्या गोष्टी होत्या. माझ्या मनाची एकच होती, टपावरचं कॅरियर. मोबाईलमध्ये सगळ्यांच्या टपावर होतं. तो नको म्हणत होता. "डोक्यावर वजन ठेयं का गाडी डुलस." मी ऐकलं नाही. त्याने शेवटी लोखंडी कॅरियर करून दिलं, आणि मी त्यावर पाण्याचे दोन डबे, डिझेलचा एक, जास्तीचं चाक, फावडं, दोर आणि तंबू असं सगळं रचलं.

गाडी घरी आणली त्या दिवशी शेजारीपाजारी बघायला आले. मी दार उघडून बायकोला म्हटलं, बस. तिने दाराला हात लावला, एक पाय उचलला, खाली ठेवला. दुसरा उचलून पाहिला. मग माझ्याकडे वळली.

"गाडी मन्हासाठे लिधी ना? मंग मी वर कशी चढू?"

शेजारी हसले. मीही हसलो, पण मला तोंड लपवावंसं वाटत होतं. तीन महिन्यांत टायरची नक्षी, हुकाची जाडी, दिव्याचा उजेड या सगळ्याचा विचार केला होता. तिच्या पायाचा एकदाही केला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा धानोऱ्याला गेलो. मेकॅनिकने कपाळाला हात लावला. "मन्हा बी ध्यानमा नही उनं," तो म्हणाला, आणि त्याच दुपारी दाराखाली घडीची पायरी आणि आत धरायला दांडा जोडून दिला.

दिवाळी होऊन गेल्यावर आम्ही निघालो. नंदुरबारबाहेर पथारींवर, म्हणजे मिरची पसरायच्या मोकळ्या मैदानांवर, मिरची वाळत होती, काच वर करूनही दोघांना शिंका आल्या. तळोदा, अक्कलकुवा, मग घाट. मोलगीला पोचलो तर बाजाराचा दिवस होता. आमचूर, भगर, कोंबड्या, माणसांनी फुललेल्या जीपा. आम्ही चहा घेतला आणि पुढे निघालो.

डांबर संपलं तिथून ती बदलली. इतका वेळ गप्प बसलेली बाई पुढे सरकून बसली आणि बोलायला लागली. इथे एक सागाचं मोठं झाड होतं. इथे आम्ही पाणी प्यायचो. हा ओढा उजव्या बाजूने उतरा, डावीकडे खडक आहे. खडक होता. मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या सांगण्यावरून गाडी चालवत होतो आणि ती एकदाही चुकली नाही.

अर्ध्या वाटेवर एक आडवा उतार लागला. वाट डोंगराच्या कुशीतून जाते, डावीकडे खाली दरी. पावसाने वाटेची बाहेरची कड खाल्ली होती. मी डावी चाकं कडेपासून लांब ठेवायला गेलो तर उजवं पुढचं चाक दगडावर चढलं, डावं मागचं खचलेल्या मातीत उतरलं आणि गाडी दरीकडे कलली. वर बांधलेले डबे एका बाजूला सरकल्याचा आवाज आला. त्यासरशी गाडी आणखी थोडी झुकली. बायको दरीच्या बाजूला बसली होती.

"थांबा," ती म्हणाली. "काहीच करू नका. ब्रेकवर पाय ठेवा."

तिचा आवाज वर्गात बोलल्यासारखा होता. माझे हात स्टिअरिंगला चिकटले होते. मी गाडी गिअरमध्ये टाकून बंद केली, हातब्रेक ओढला आणि माझ्या बाजूने उतरून चाकाखाली दगड लावले. मग तिला आतून माझ्या बाजूला ओढून घेतलं. गुडघ्यांनी त्रास दिला असणार.

आम्ही उभे होतो तोवर बाजारातून परतणारी चार माणसं मागून आली. दोन पुरुष, दोन बायका, डोक्यावर आणि पाठीवर गाठोडी. गाडी बघून ती थांबली. मी मराठीत काहीतरी सांगणार होतो. त्याआधीच बायको बोलू लागली, त्यांच्या बोलीत, थांबत नव्हती, अडखळत नव्हती. त्या बायका आधी दचकल्या, मग हसल्या, मग प्रश्न विचारायला लागल्या. मला एक शब्द कळत नव्हता. पस्तीस वर्षं मी तिच्याबरोबर राहतो आणि तिला ही भाषा येते हे मला माहीत होतं, पण मी ती तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

दोन पुरुषांपैकी चाळिशीचा जो होता तो तिच्याकडे एकटक बघत होता. मग त्याने गाठोडं खाली ठेवलं आणि अगदी पुस्तकातल्यासारख्या मराठीत म्हणाला, "बाई, तुम्ही मला ओळखणार नाही. मी पहिलीत होतो."

तिने डोळे बारीक केले. "फळ्याला चिकटून बसायचास तो?"

"हो. मला लांबचं दिसत नव्हतं."

ती पुढे झाली आणि तिने त्याच्या दोन्ही गालांवर हात ठेवले.

सगळ्यांनी मिळून कॅरियर रिकामं केलं. चाक, तंबू आणि त्यांची गाठोडी हौद्यात टाकली, डबे बायकांनी डोक्यावर घेतले. पाड्यापर्यंत नेतो म्हणाल्या, आणि मी नको म्हणायच्या आत चालायला लागल्या. बायकोने मला टायरमधली हवा कमी करायला सांगितली. मोलगीच्या घाटात जीपवाले करायचे, तिने पाहिलं होतं. मी खाली बसून हवा सोडत होतो तेव्हा तो माणूस शेजारी येऊन उकिडवा बसला.

"याच वाटेने आम्ही बाईंना नेलं होतं," तो म्हणाला. "माझे वडील पुढे होते."

"नेलं म्हणजे?"

"बाईंना ताप होता. पावसाळा होता. बांबूला झोळी बांधून मोलगीपर्यंत नेलं. मी सोबत चालत होतो. बाईंच्या चपला माझ्या हातात होत्या."

मी वर बघितलं. ती थोड्या अंतरावर दगडावर बसून वाट बघत होती. माझ्या बोटाखाली हवा सुटत राहिली. किती सुटली याकडे माझं लक्ष राहिलं नाही, आणि नंतर मला ती हवा पंपाने थोडी परत भरावी लागली.

रिकाम्या टपाने गाडी सरळ झाली. तो माणूस पुढे चालत हाताने दाखवत होता, मी सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, चालणाऱ्याच्या वेगाने, त्याच्या मागे. उन्हं उतरायच्या आत पाड्यावर पोचलो. जुनी कुडाची शाळा राहिली नव्हती. त्या जागी मका वाळत घातला होता. नवी पक्की शाळा पलीकडे होती, बायकोने ती लांबूनच बघितली. माणसं जमली. कोणी आमच्यासाठी खाट टाकली, कोणी पाणी आणलं. ती एकेकाशी बोलत होती आणि मी जावई पहिल्यांदा सासरी आल्यासारखा कडेला बसलो होतो.

सगळे जरा पांगल्यावर मी विचारलं, "माले कसं सांगं नही?"

तिला लगेच कळलं मी कशाबद्दल बोलतोय.

"सांगीसन काय व्हतं? तुमले रस्ता ठावका नव्हता."

ती रागाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने नुसतं जे होतं ते सांगितलं. दहा दिवस ती मोलगीच्या दवाखान्यात होती. त्या दिवसांतलं तिचं पोस्टकार्ड मला आठवतं. प्रकृती ठीक आहे, पाऊस चांगला आहे, असं काहीतरी होतं. मी उत्तरात भुईमुगाबद्दल लिहिलं होतं.

सकाळी मी त्या माणसाच्या वडिलांना भेटायला गेलो. म्हातारा खूप वाकला होता, पण खांदे अजून रुंद होते. मला काहीतरी बोलायचं होतं आणि आमच्या दोघांत भाषा नव्हती. बायको मध्ये बसली. मी म्हटलं, त्यांना सांग, तुम्ही केलंत ते मला काल कळलं. तिने सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली आणि काहीतरी विचारलं. बायकोने माझ्याकडे वळून सांगितलं, "गाडीमा झोपता येस का, ते ईचारी ऱ्हायनात."

मी म्हटलं, येतं. हौद्यात गादी आहे.

तो उठला, काठी टेकत गाडीपाशी गेला. मुलाने मागची फळी उघडून त्याला वर घेतलं. तो गादीवर सरळ आडवा झाला, हात छातीवर, पाय फळीच्या बाहेर जातात का ते मान उचलून बघितलं. जात नव्हते. मग म्हणाला, चला. त्याला मोलगीला डोळे दाखवायचे होते आणि जीपची गर्दी त्याला सोसत नव्हती.

मी सगळी वाट आडव्या झालेल्या माणसाला सांभाळत उतरलो आणि चढलो. आडवा उतार आला तेव्हा मुलगा खाली उतरून पुढे चालला. इतक्या जपून मी गाडी कधी चालवली नव्हती. प्रत्येक दगडाला मी मनात माफी मागत होतो. मोलगीला दवाखान्यासमोर थांबवली, मागे गेलो. म्हातारा उठून बसला होता, केसांत धूळ. तो बायकोला काहीतरी म्हणाला आणि ती इतकी हसली की तिला गाडीचा दांडा धरावा लागला.

"काय म्हनतस?" मी विचारलं.

"म्हनतस, खांद्यावर कमी हालस."

मग मलाही हसू आलं. म्हातारा मात्र हसला नाही. त्याने त्याचं मत दिलं होतं. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून तो आत गेला. मुलगा वळून म्हणाला, "बाई, परत या." मला त्याने नुसता नमस्कार केला.

घाट उतरायला लागलो. मग मी विचारलं, आणखी काय काय सांगितलं नाहीस?

"कसाले?" ती म्हणाली.

"आते माले रस्ता ठावका शे," मी म्हणालो.

तिने थोडा विचार केला. मग पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. मोलगीला जीपमधून उतरली तेव्हा घ्यायला कोणीच आलं नव्हतं, तिथून. शाळेत एकही मूल नव्हतं, तिथून. अक्कलकुवा आलं तेव्हा ती अजून पहिल्या वर्षातच होती. मी चहासाठी गाडी थांबवली नाही.