विनूचा पासवर्ड

माझ्या भावाचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. नांदुऱ्याच्या आमच्या घरात त्याचा फोटो अजून रोज सकाळी पासवर्ड मागतो.

आई देवापाशी दिवा लावते आणि मग त्याच्या कॉम्प्युटरचं बटण दाबते. स्क्रीनवर विनू येतो. गोल चौकटीत हसरा फोटो, खाली नाव, त्याखाली रिकामी जागा.

आई काही टाईप करत नाही. चहा घेऊन समोर बसते.

"काऊन लावतं वं आई?" मी एकदा विचारलं.

"काई नाई. पाह्यतो त्याले."

विनू पुण्यात नोकरीला होता. पण त्याचा जीव होता तो या स्क्रीनमध्ये. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर नाव-फोटो दाखवून पासवर्ड विचारते ना, तीच स्क्रीन. विंडोजसारखंच लिनक्स असतं, त्यातली तसली एक लॉगिन स्क्रीन जगभरातली काही माणसं मिळून सांभाळतात, फुकट. त्यांच्यातला एक आमचा विनू. कुठे कोणाची स्क्रीन काळी पडली, कोणाला बरोबर पासवर्ड टाकूनही आत जाता येईना, की हा ऑफिसातून आल्यावर ते निस्तरत बसायचा.

शेजारच्या काकूंनी आईला विचारलं होतं, "पोरगं काय करते?"

आई म्हणाली, "कॉम्प्युटरच्या दारात उभं राह्यते."

विनू आठवडाभर हसत होता. पण त्या स्क्रीनवरचं मराठी त्यानंच केलं होतं. आईला वाचता यावं म्हणून.

गेल्याच्या गेल्या दसऱ्याला तो घरी आला होता. त्याच संध्याकाळची परतीची गाडी होती. सोनं वाटायच्या आधीच निघणार म्हणून आई सकाळपासून रुसलेली.

आमच्याकडे दसऱ्याला विळा-कोयत्याबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा होते. आईनं मॉनिटरला हळद-कुंकू लावलं, कीबोर्डवर फूल ठेवलं, अक्षता टाकल्या.

थोड्या वेळानं विनूनं कॉम्प्युटर लावला तर लॉगिन होईना. तो हात लावायच्या आत स्क्रीन आपणहून म्हणे, पासवर्ड चुकीचा आहे, पुन्हा टाकून पाहा. परत तेच. परत तेच.

विनूचा चेहरा पडला. पासवर्डच्या त्याच चौकटीतला कोड त्यानं नुकताच बदलला होता आणि नवीन व्हर्जन बाहेर पडायच्या बेतात होतं.

"ताई, माह्याच्यानंच झालं हे. लोकं आपल्याच घराबाहेर अडकतीन."

त्यानं लॅपटॉपवरून त्या मशीनमध्ये शिरून logs, म्हणजे मशीननं ठेवलेल्या नोंदी, वाचल्या. आपला बदल काढून टाकला. तरी तेच. शेवटी स्क्रीन सांभाळणाऱ्या माणसांच्या ग्रुपवर लिहिलं, नव्या व्हर्जनचं release थांबवा, चूक माझी आहे. आणि गाडीचं तिकीट कॅन्सल केलं.

संध्याकाळी आईनं पुरणपोळीचं ताट आणलं. टेबलावर जागा करायला विनूनं कीबोर्ड उचलून भिंतीला उभा केला.

टप्.

तांदळाचा दाणा पडला, पिवळा, हळदीचा. एन्टरच्या फटीत अडकून बसला होता. एन्टर दाबलेलंच राहिलं होतं, म्हणून स्क्रीन रिकामा पासवर्ड पाठवत सुटली होती.

विनूनं कपाळावर हात मारला. मग त्या दाण्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. तेव्हापासून तिकडे कोणी विचित्र तक्रार आणली की ती माणसं आधी विचारतात, "तांदूळ पाहिला का?"

पण गाडी गेली होती. त्या संध्याकाळी विनूनं आईच्या हातावर सोनं ठेवलं, पाया पडला. आईनं ती आपट्याची पानं देव्हाऱ्यात ठेवली.

तो त्याचा शेवटचा दसरा. पुढच्या दसऱ्याआधीच साध्या तापाचं निमित्त झालं आणि विनू गेला. लय राग येतो मला अजून, कोणाचा ते कळत नाही.

मग त्याच्याशिवायचा पहिला दसरा आला. दुःखाचं वर्ष, म्हणून घरात सण नव्हता. तोरण नाही, पुरण नाही. मी जळगाव जामोदहून सकाळी आले होते. आईला भेटून दुपारच्या बसनं परत जायचं होतं.

निघताना आईनं हाक मारली. "सुनी, पाय ना. ते पुन्हा तसंच करून राह्यलं."

विनूचा फोटो. खाली लाल अक्षरं. पासवर्ड चुकीचा आहे, पुन्हा टाकून पाहा. परत. परत. जसं काही कोणी बाहेर उभं राहून आत यायला धडपडतंय.

मग दिसलं. मॉनिटरला हळद-कुंकू होतं. सण नसलेल्या घरात.

मी कीबोर्ड उलटा केला. दाणा पडला.

"आई, यंदा पूजा करायची नसते ना?"

आई खाली बघत होती. "मागच्या वेळी चुकून गेलता तो दाना. यंदा म्याच टाकला."

"काऊन?"

"विन्या थांबला होता ना त्याच्यानं. मले वाटलं, तू बी थांबशीन."

मी पिशवी खाली ठेवली. आईला धरून इतकी रडले की अंत्यविधीलाही तेवढी रडले नव्हते.

आज वर्षश्राद्ध झालं. पाहुणे आपापल्या गाडीनं गेले. आईनं आत्ताच कॉम्प्युटर लावलाय, समोर बसलीये. कीबोर्डमध्ये दाणा नाही, मी बघितलं. तरी शेवटची बस जाऊ दिली.

विनू, तुझी गाडी आम्ही एकदा चुकवली होती. आता अडवत नाही. नीट जा, राजा.

आईपाशी मी थांबले आहे.