आबांच्या वाटणीचा चहा

नमस्कार. सगळ्यात आधी माफी मागतो. या सदरात लिहिणारी माणसं किती छान लिहितात ते मी वाचत आलोय, आणि मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. हे लिहायचं की नाही यातच दोन वर्षं गेली...

दुसरी गोष्ट म्हणजे, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमचं गाव दापोली तालुक्यातलं, समुद्राला लागून. बंदरावरच्या माणसांकडे असे किस्से पोत्याने असतात. कुणाला बुडालेली होडी दिसते, कुणाला पाण्यावर दिवे दिसतात. मी लहानपणापासून ते ऐकून हसणाऱ्यांतला.

२०१६ साली मी आयर्लंडमध्ये गॉलवेला बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं मास्टर्स करत होतो. फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर समीर राहायचा, पुण्याचा. नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी इनिशमोर बेटावर जायचं आम्ही आधीच ठरवलं होतं. खरं तर ही ट्रिप आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मागे लागून ठरवायला लावली होती. मी त्यांना सांगितलं होतं की इथे जवळच एक मच्छीमारांचं बेट आहे. तेव्हापासून दर फोनला तेच. तिकडचा दर्या बघून ये, त्यांच्या होड्या कशा आहेत ते सांग.

शुक्रवारी संध्याकाळी भावोजींचा फोन आला. अवेळी वादळ उठलं होतं. बंदरातल्या सगळ्या होड्या परत आल्या, पण आबांची आली नव्हती. आबा आणि बरोबरचे तिघे. वायरलेसही लागत नव्हता. तशी बुधवारपासूनच काही खबर नव्हती, पण मला घाबरवायला नको म्हणून कुणी बोललं नव्हतं.

मी ट्रिप रद्द करणार होतो. आईनेच फोनवर सांगितलं, खोलीत बसू नकोस, बसलास की नको ते डोक्यात येतं. तिचा आवाज अगदी साधा होता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. शेवटी गेलो. निदान समुद्र तरी समोर असेल, एवढाच विचार केला.

सकाळी समीरनेच चहा करून आईने दिलेल्या स्टीलच्या थर्मासमध्ये भरला. आलं घातलं, पण साखर नावाला. साखरेवर त्याचं एक भाषण ठरलेलं आहे. एरवी मी त्याच्याशी वाद घालतो, त्या दिवशी बोललोच नाही.

बसने बंदर, तिथून फेरी, आणि अकराच्या आसपास आम्ही बेटावर उतरलो. आकाश स्वच्छ, वारा मात्र हाडात शिरणारा. सायकली भाड्याने घेतल्या. कड्यावर जुना दगडी किल्ला आहे, तो बघायला सगळे जातात. थोडं पुढे गेल्यावर मला जाववेना. पाण्यात उतरणारा एक दगडी उतार होता, आमच्याकडे होड्या ओढायला असतो तसा, आणि बाजूला काळ्या डांबरी होड्या पालथ्या घातलेल्या. मी समीरला म्हणालो, तू किल्ला बघून ये, मी इथेच बसतो. तो थांबायला तयार होता, मीच त्याला पाठवलं.

आता इथून पुढचं नीट सांगायचा प्रयत्न करतो.

आमच्या घरी एक पद्धत आहे. होडीला उशीर झाला की आई सगळ्यांबरोबर आबांच्याही वाटणीचा चहा ओतते आणि कप उंबऱ्यावर समुद्राकडे कान करून ठेवते. वाटा काढून ठेवला की माणूस वाट्याला येतो, असं ती म्हणते. नंतर तो गार चहा कोंबड्यांच्या पाण्यात जातो. मी यावरून तिची भरपूर थट्टा केलेली आहे. पण त्या दिवशी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि तो प्यावासा वाटेना. उताराच्या कडेच्या सपाट दगडावर मी ते झाकण ठेवलं. त्याला कानही नव्हता, म्हणून नुसतंच समुद्राकडे सरकवलं. कुणी बघत नाही ना, हेही पाहिलं... मला लाज वाटत होती.

मग फोनला रेंज मिळते का बघायला मी वरच्या रस्त्यावर गेलो. रेंज नव्हतीच. फार तर दहा मिनिटांत परत आलो.

झाकण दगडावर पालथं घातलेलं होतं. आत चहा नव्हता आणि दगड कोरडा होता. वाऱ्याने उलटलं असेल असं मला आधी वाटलं, पण मग चहा सांडायला हवा होता. आणि आबा होडीवर चहा प्यायले की कप असाच पालथा घालतात, खारं पाणी उडू नये म्हणून.

मी तिथे तसाच उभा असताना समोरच्या स्वेटरच्या दुकानातून एक आजीबाई बाहेर आल्या. त्यांचं नाव नोरा, हे नंतर कळलं. त्यांनी विचारलं, तुझ्याबरोबरचा तो पोहणारा कुठे गेला? मी म्हणालो, माझ्याबरोबर कुणीच नव्हतं. त्या म्हणाल्या, अरे, आत्ता तर इथे बसून चहा पीत होता. हाफ पँट, अनवाणी, डोक्याला लाल चौकटीचा टॉवेल. आमच्याकडे नोव्हेंबरात समुद्रात उड्या मारणारे वेडे पुष्कळ आहेत, त्यातलाच वाटला. फक्त डावा हात छातीशी धरून बसला होता, म्हणून मी विचारायला आले.

आबांच्या डोक्याला लाल चौकटीचा पंचा कायम असतो.

माझा चेहरा बघून त्यांनी मला आत नेऊन बसवलं. थोड्या वेळाने हळूच विचारलं, समुद्रावर कोण आहे तुझं? मी सांगितलं. मग त्या जे बोलल्या ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांचे वडील मच्छीमार होते, नवराही. त्यांच्याकडे म्हणे जिवंत माणूस असा भलतीकडे दिसतो, त्याला फेच म्हणतात.

"सकाळी दिसला तर माणूस भरपूर जगतो," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी दिसला तर..." पुढचं त्यांनी सोडून दिलं.

मला क्षणभर बरं वाटलं, आणि मग आठवलं.

"पण आमच्याकडे आत्ता संध्याकाळ आहे," मी म्हणालो. "भारत साडेपाच तास पुढे आहे."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि अगदी मनापासून विचार केला, आमच्या गावातल्या म्हाताऱ्या करतात तसाच.

"चहा कुठे प्यायला तो?"

"इथे."

"मग घड्याळ इथलंच. ही विल बी ग्रँड. काही होत नाही त्याला."

समीर परत आला तेव्हा मी त्याला काहीच सांगितलं नाही. बाकीचा दिवस मी त्या दुकानात काढला. नोराबाईंनी सूप दिलं, निघताना झाकण धुऊन हातात दिलं.

परतीच्या फेरीत अंधार होता. बंदराचे दिवे दिसायला लागले आणि खिशात फोन थरथरायला लागला, थांबेचना. सतरा मिस्ड कॉल तरी असतील, मी मोजले नाहीत. भावोजींना लावला. मागे एवढा आरडाओरडा की त्यांचं मला काही ऐकू येईना. मग बहिणीनेच फोन ओढून घेतला.

"मिळाले रे! चौघंही मिळाले! दादा, मिरवणुकीला बँजो सांगितलाय, बँजो!"

मी फेरीत सगळ्यांसमोर ओरडलो. समीरने मला मिठी मारली, आणि एका अनोळखी आयरिश माणसाने काहीएक न विचारता माझी पाठ थोपटली.

हकीकत अशी होती. इंजिन बंद पडून होडी तीन दिवस वाहत होती. पाणी संपलेलं, आबांचा डावा हात लाटेत आपटून दुखावलेला. सगळे आडवे पडले होते. शनिवारी अंधार पडताना आबा एकाएकी उठले, डोक्याचा पंचा सोडला, डिझेलमध्ये बुडवून काठीला बांधला आणि पेटवला. लांबून जाणाऱ्या ट्रॉलरला तो जाळ दिसला.

नंतर समीरला सगळं सांगितलं. तो म्हणतो, योगायोग आहे, आणि नोराबाईंनी दुसराच कुणीतरी पाहिला असेल. असेलही. पण डावा हात, पंचा... मी इंजिनिअर आहे, मला उत्तर सापडायला हवं होतं. आजपर्यंत सापडलेलं नाही.

चहाचं तर मी घरी कुणालाच बोललो नव्हतो, आईलासुद्धा नाही. सोमवारी आबा फोनवर आले. आवाज बसलेला होता. मी कसे आहात विचारलं, ते हात बरा आहे म्हणाले. मग त्यांनी विचारलं, तिकडच्या होड्या काळ्या असतात का रे? मी हो म्हणालो.

"दिसल्या मला," आबा म्हणाले. "ऊन उतरताना जरा डोळा लागला होता. चहाने जीवात जीव आला बघ, म्हणून उठलो. आलं बरं घातलं होतंस."

मी ओट्यावरच्या त्या थर्मासकडे बघितलं.

"पण साखर कमी होती."