वैजयंतीची एक ओळ

“फाइल पुसली तं पुसली! आमच्या कम्प्युटरवरची होती.”

“लिहिली कोनं होती, प्रसेनजितभाऊ? न इचारता पुसता?”

“काय वं, चार खिडक्या हातानं उघडाले हात झिजतात का तुहे?”

“तुमचे झिजतात का? मंग तुमी काहून नाई उघडत?”

शेजारच्या टेबलांवरचे बादल आणि खेमा खो-खो हसले. लाइन नुकतीच जाऊन पंखा थांबला होता, त्यामुळे भांडायला वेळच वेळ होता.

रिसोडच्या बाजार समितीसमोर, धान्याच्या दुकानावर हे ऑफिस. अडत्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं. इन्व्हर्टर होता, पण मालकांच्या केबिनपुरता. लाइन गेली की बाहेरचे चारही कम्प्युटर डोळे मिटायचे. ती आली की प्रत्येकावर काळ्या पडद्याच्या चार खिडक्या नव्यानं उघडाव्या लागायच्या: एकीत सर्व्हर, एकीत डेटाबेस, एकीत चुकांचा माग, एकीत कोड. रिवाज असा, की पोट्टे चहाला उतरायचे आणि ऑफिसातली एकुलती एक पोरगी सगळ्यांचा पसारा मांडून ठेवायची. किन्हीराजाहून एसटीनं येणारी वैजयंती रुजू झाल्यापासून हेच करत होती. एकदा घाईत तिनं एका अडत्याच्या कामाला दुसऱ्याचा डेटाबेस जोडला, आणि याचं सोयाबीन त्याच्या गोदामात दिसू लागलं. शिव्या तिलाच बसल्या. चहा पिणाऱ्यांना कोण बोलणार?

मग एका रविवारी तिनं ती सगळी मांडणी एका फाइलीत लिहून काढली. एक ओळ टंकली, की चारही खिडक्या आपापल्या कामासकट हजर! फाइल तिनं सगळ्यांच्या कम्प्युटरवर घातली आणि म्हणाली, “आता आपआपलं मांडा. मीबी चाल्ली चहाले.”

त्या दिवशी टपरीवर तिघांनी तिच्याकडे पाठ करून चहा घेतला. आणि आज सकाळी प्रसेनजितनं पोट्ट्यांच्या तिन्ही कम्प्युटरवरून फाइल उडवली होती.

“सवय मोडली तू आमची,” तो म्हणाला. “पयल्यासारखं कर, भांडन मिटलं.”

“पयल्यासारखं कायले? फाइल पाह्यजे तं आत्ता देतो. पन माहा हात तुमच्या कीबोर्डले लागनार नाई.”

“सरले सांगू?”

“सांगा ना. लाइन आल्यावर कोन कुठं बसते, हेबी सांगा.”

पंखा घरघरला. लाइन आली. तिघंही जागचे हलले नाहीत, नुसते तिच्याकडे पाहत राहिले. वैजयंतीनं आपल्या कम्प्युटरवर ती ओळ टंकली. चार खिडक्या उभ्या राहिल्या. बाजूचे तीन पडदे कोरेच.

“अन् आमचं?” प्रसेनजितनं विचारलं.

तिनं चपला पायात सरकवल्या आणि खाडखाड जिना उतरून चहाला गेली.