कपाटाची किल्ली

आज दोन बंदुका परवानाधारक दुकानात देऊन आलो. दुकानदाराने दस्त्यावरचं खंडेनवमीचं कुंकू अंगठ्याने पुसलं, तेव्हा उगाच ओशाळल्यासारखं झालं. वडिलांच्या तीन बंदुका आम्ही दरवर्षी पाटावर मांडून पुजायचो. पुढच्या महिन्यात चार वर्षांची मुलगी दत्तक येणार, म्हणून दोन काढल्या. तिसरी हातून सुटेना.

घर पाहायला आलेल्या संस्थेच्या बाईंनी विचारलं होतं, "एक तरी कशाला ठेवता?"

"वडिलांची आठवण आहे. कपाटाला कुलूप असतं, आणि किल्लीची जागा फक्त मला ठाऊक."

बाईंनी ते लिहून घेतलं. बायको माझ्याकडे बघत राहिली.

कपाटातली हिरवी मखमल विटली आहे, पण काढलेल्या बंदुकांच्या जागी दोन गडद आकार तसेच आहेत. वस्तू गेली तरी कापडसुद्धा तिला विसरत नाही. मुलं तर सगळं बघत असतात.

किल्ली मी देवघरात, देवांच्या चौरंगाखाली ठेवतो. वडीलही तिथेच ठेवायचे. ती जागा फक्त आपल्याला ठाऊक आहे, असं त्यांनाही वाटायचं. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो, आणि मला ती ठाऊक होती.