हन्नावन्संची अर्धी प्रार्थना

आम्ही कोकणातले ज्यू. रोह्याच्या आमच्या हन्नावन्सं दरवर्षी नवसाचा मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य, करत आणि त्यांचे दीर रूबेनभाऊ हिब्रू प्रार्थना म्हणत. १९९३ साली भाऊ इस्रायलला निघाले. वन्संना हिब्रू वाचता येत नाही, म्हणून महिनाभर आधीपासून विनवत होत्या, "भावजी, रोज दोनच ओळी सांगा. तेवढ्याच डोक्यात मावतात. त्या मुरल्या की पुढच्या."

"घाई काय हाय, वहिनी?"

शेवटी निघायच्या आदल्या दुपारी, बॅगा भरताभरता, त्यांनी अख्खी प्रार्थना तीनदा घडाघडा म्हटली. वर हसले, "बायकांचं डोकं म्हणजे गाळणी!"

भाऊ गेल्यावरच्या पहिल्या मलिद्याला पोहे, नारळ, फळं तबकात मांडून वन्सं बसल्या. दोन ओळी आल्या, पुढचा शब्द आठवेना. त्याच ओळी रडत म्हणत राहिल्या. ज्याच्या नावाने मलिदा करतात तो आमचा प्रेषित एलियाहू हन्नाबी तेवढंही ऐकेल. रूबेनभाऊंना मात्र माझ्याकडून क्षमा नाही.